सुपरकपॅसिटरच्या बँकेला पॉवर सप्लाय निवडताना: उद्यमबागेतल्या एका जनरेटरचं काम

बेळगावच्या उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये दोन सिलिंडरचा डिझेल जनरेटर आहे. लाईट गेली की तो लगेच चालू व्हायला हवा आणि नेमकी पावसाळ्यात त्याची बॅटरी दगा देते. म्हणून स्टार्टर मोटरपुरती सुपरकपॅसिटरची, म्हणजे क्षणात मोठा करंट देऊ शकणाऱ्या खूप मोठ्या धारकतेच्या कपॅसिटरची, बँक बसवायची आणि जुनी बॅटरी फक्त कंट्रोल पॅनेलला ठेवायची, असं काम हाती घेतलं. बँक जोडणं सोपं असतं. विचार करावा लागतो तो तिला चार्ज करणाऱ्या सप्लायचा. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे आता बरेच जण हे सेल मागवतात. कुणी इंजिन स्टार्टसाठी, कुणी ई-बाईकच्या बॅटरीला निकेल पट्टी चिकटवणाऱ्या स्पॉट वेल्डरसाठी. त्यामुळे आमच्या कामातले आकडे इथे सविस्तर देतो.

बँक अशी: २.७ व्होल्ट, ५०० फॅरडचे सहा सेल सिरीजमध्ये. सहा सेलची मर्यादा १६.२ व्होल्ट आणि एकूण धारकता ५०० भागिले ६, म्हणजे ८३.३ फॅरड. ही बँक आम्ही १६.२ पर्यंत कधीच भरत नाही, १४.४ वर थांबतो. म्हणजे सेलला सरासरी २.४ व्होल्ट. कारण सरळ आहे. ही बँक महिनोन्‌महिने भरलेल्या अवस्थेत उभी राहणार. पूर्ण २.७ व्होल्टवर आणि ६५ अंश तापमानात अशा सेलचं आयुष्य डेटाशीटमध्ये साधारण १००० ते १५०० तास लिहिलेलं असतं, म्हणजे जेमतेम दीड-दोन महिने. तापमान १० अंशांनी उतरलं की आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होतं, आणि व्होल्टेज थोडं कमी ठेवलं तरी तसाच फायदा होतो. बेळगावची हवा थंड हे खरं, पण जनरेटरच्या पत्र्याच्या खोक्यात, सायलेन्सरच्या बाजूला ती हवा नसते. सेल खोक्याबाहेर भिंतीवर लावून केबल आत नेली ती त्यासाठीच.

१४.४ व्होल्टला या बँकेत १२०० कूलॉम चार्ज बसतो. ऊर्जा ८६४० ज्यूल, म्हणजे फक्त २.४ वॅट-तास. आकडा क्षुल्लक वाटतो, पण स्टार्टरने २०० अँपियर दीड सेकंद ओढले तर ३०० कूलॉम जातात आणि व्होल्टेज ३.६ ने उतरतं. सेल, पट्ट्या आणि केबल मिळून ५ मिलिओहम धरले तर ओढ चालू असताना आणखी १ व्होल्ट पडतो. तरी स्टार्टरला ९.८ मिळतात आणि इंजिन फिरतं.

आता सप्लाय. बहुतेक जण विचारतात, किती व्होल्टचा, किती अँपियरचा? आमच्या मते पहिला प्रश्न वेगळा आहे: आउटपुटवर शून्य व्होल्ट असताना हा सप्लाय काय करतो? रिकामी बँक म्हणजे सप्लायच्या दृष्टीने जवळजवळ शॉर्ट. बॅटरी कितीही उतरली तरी तिच्यावर काही व्होल्ट असतात. सुपरकपॅसिटर शून्यापासून सुरू होतो आणि कितीही करंट द्या, घ्यायला तयार असतो. या अवस्थेत बाजारातले सप्लाय चार तऱ्हांनी वागतात.

साधा एसएमपीएस, म्हणजे एलईडी बोर्डला किंवा सीसीटीव्हीला लावतात तो जाळीचा डबा. ओव्हरलोड दिसला की तो बंद होतो, एक-दोन सेकंदांनी पुन्हा प्रयत्न करतो, पुन्हा बंद. टिक टिक आवाज येत राहतो आणि बँक प्रत्येक टिकीला काही मिलिव्होल्ट वर सरकते. कधी तासाभराने भरेल, कधी भरणारच नाही, आणि तोवर त्याच्या आतले भाग दर टिकीला मार खात असतात. कॉम्प्युटरमधून काढलेला सप्लाय याहून कडक. तो एकदाच ट्रिप होतो आणि मेन स्विच बंद-चालू केल्याशिवाय परत उठत नाही. हल्लीचे ऑटोमॅटिक बॅटरी चार्जर आधी बॅटरी जोडली आहे का ते व्होल्टेजवरून बघतात. शून्य दिसलं की ते सुरूच होत नाहीत.

चौथी तऱ्हा सगळ्यांत घातक, कारण ती चालते. गॅरेजमधला जुना ट्रान्सफॉर्मर आणि डायोडचा चार्जर शून्यावरही मुकाट्याने करंट देतो आणि बँक भरतेही. पण तो थांबत नाही. १२ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरचं शिखर १७ च्या आसपास असतं. ब्रिजचे दोन डायोड वजा केले तर १५.५ उरतात. बॅटरी ते शिखर दाबून धरते, कपॅसिटर मात्र तिथपर्यंत चढत जातो. रात्री कारखाने बंद झाल्यावर लाइनला २३० च्या जागी २५० आले की तेच शिखर १७ च्या आसपास जातं, शिवाय लोड नसल्यामुळे ट्रान्सफॉर्मरचं स्वतःचं व्होल्टेजही वर असतं. सहा सेलच्या बँकेला हे जास्त झालं. संध्याकाळी लावून सकाळी बघू, हा बॅटरीचा रिवाज इथे अजिबात चालत नाही.

मधे रेझिस्टन्स टाकून कुठलाही सप्लाय वापरता येतो, हे खरं आहे. ३ ओहम टाकला तर १४.४ व्होल्टला सुरुवातीचा करंट ४.८ अँपियर, रेझिस्टन्सवर ६९ वॅट. कालांक (रेझिस्टन्स गुणिले धारकता, भरण्याच्या वेगाचं माप) २५० सेकंद, त्यामुळे बँक पुरती भरायला २० मिनिटांच्या वर लागतात. आणि रेझिस्टन्स कितीही ओहमचा घ्या, बँकेत जितकी ऊर्जा साठते तितकीच त्यात उष्णता होऊन जाते, ८६४० ज्यूल. एकदा चाचणीपुरतं भरायचं असेल तर चालेल. रेझिस्टन्सऐवजी ट्रकचा २४ व्होल्टचा हेडलाइट बल्ब सिरीजमध्ये लावला तर करंट आपोआप आवरतो आणि बल्ब मंद होत जाताना भरण्याचा अंदाजही येतो. कायमच्या कामाला मात्र हा मार्ग नाही, कारण व्होल्टेज कुठे थांबायचं ते बल्ब ठरवत नाही.

हवा असतो तो ठरावीक करंट आणि ठरावीक व्होल्टेज असे दोन्ही अंकुश असलेला सप्लाय, ज्याला सगळे सीसी-सीव्ही म्हणतात. सुरुवातीला करंट धरून ठेवतो, व्होल्टेज पोचलं की ते धरून करंट सोडत जातो. वेळेचा हिशेब सोपा आहे: धारकता गुणिले व्होल्ट भागिले करंट. आमच्या बँकेला ५ अँपियरने २४० सेकंद, म्हणजे ४ मिनिटं, आणि वर शेपटाची काही मिनिटं. जनरेटरला एवढं पुरतं. १० अँपियरचा सप्लाय घेऊन २ मिनिटं वाचवण्यात अर्थ नव्हता. करंट वाढला की डायोड, वायर, सेलचं व्होल्टेज आवरणारा बॅलन्स बोर्ड सगळंच मोठं लागतं.

इथे एलईडी ड्रायव्हरची आठवण कुणालाही होते, कारण त्यावर 'कॉन्स्टंट करंट' असं छापलेलं असतं. पण त्याच्या लेबलवर किंवा डेटाशीटमध्ये करंट किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत स्थिर राहील तो पट्टा लिहिलेला असतो, साधारण पूर्ण व्होल्टेजच्या निम्म्यापासून पुढे. त्याखाली तो काय करेल याची हमी नसते. काही धरून ठेवतात, काही टिक टिक करतात. लिनिअर प्रकारचा सप्लाय शून्यावर व्यवस्थित चालतो, पण १८ व्होल्टमधून ५ अँपियर शून्य व्होल्टला द्यायचे म्हणजे ट्रान्झिस्टरवर ९० वॅट. मोठी हीटसिंक आणि पंखा लागेल.

टेबलावर काम करताना ३० व्होल्ट ५ अँपियरचा बेंच सप्लाय उत्तम. आउटपुट बंद ठेवून व्होल्टेज १४.४ लावावं, टोकं शॉर्ट करून करंट ठरवावा, मग बँक जोडून आउटपुट चालू करावा. चालू आउटपुटला रिकामी बँक टेकवली की सप्लायच्या आतला कपॅसिटर एकदम तिच्यात रिकामा होतो आणि ठिणगी पडते. पण कारखान्याच्या भिंतीवर बेंच सप्लाय कायमचा लावून ठेवणं परवडत नाही.

म्हणून आम्ही दोन तुकड्यांत सप्लाय केला: पुढे एसएमपीएस, मागे एक्सएल ४०१६ या चिपचा बक मॉड्यूल, म्हणजे व्होल्टेज उतरवणारा बोर्ड, करंट आणि व्होल्टेज असे दोन प्रीसेट (स्क्रू फिरवून लावायचे छोटे रेझिस्टन्स) असलेला. ही चिप ८ अँपियरची आहे, आम्ही ती ५ वर चालवतो. धाकटी एक्सएल ४०१५ कागदावर ५ अँपियरची असली तरी हीटसिंकशिवाय ३ च्या वर नेऊ नये. बक मॉड्यूलला शून्य व्होल्टवर एक खास त्रास असतो. आउटपुट खाली असताना स्विच क्षणभरच चालू राहतो, आणि उरलेला सगळा वेळ पूर्ण करंट त्याच्या फ्रीव्हील डायोडमधून वाहतो. त्यामुळे पहिल्या दोन मिनिटांत चिपपेक्षा डायोड जास्त तापतो. मॉड्यूल पारखताना आउटपुट जाड वायरने शॉर्ट करून, डीसी क्लॅम्प मीटर लावून, ५ अँपियरवर पाच मिनिटं ठेवावा. करंट स्थिर राहिला आणि डायोडच्या हीटसिंकवर बोट टेकवता आलं तर तो मॉड्यूल ठेवावा. साध्या मल्टिमीटरची १० अँपियरची जागा या कामाला वापरू नये, बहुतेक मीटरवर तिथे काही सेकंदांचीच परवानगी असते.

पुढचा एसएमपीएस किती व्होल्टचा? बहुतेक जण २४ चा घेतात, सहज मिळतो म्हणून. आम्ही तो टाळला. बक मॉड्यूल मरतो तेव्हा बहुधा आतला स्विच शॉर्ट होऊन मरतो आणि पुढचं व्होल्टेज सरळ मागे येतं. २४ भागिले ६, म्हणजे सेलला ४ व्होल्ट. लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर लावला तरी ३.१७. म्हणून आम्ही १५ व्होल्ट १० अँपियरचा एसएमपीएस घेतला आणि त्याच्या टोकाजवळचा प्रीसेट फिरवून १६.२ वर आणला. अशा डब्यांना साधारण दहा टक्के वर-खाली करायची मुभा असते. आता मॉड्यूल पूर्ण शॉर्ट झाला तरी सेलला सरासरी २.७ पेक्षा जास्त येत नाही. १४.४ च्या आउटपुटला मॉड्यूलला एवढी वरची जागा पुरते. त्याशिवाय बँकेवर वेगळा व्होल्टेज कटऑफ रिले लावला. १५.३ झाले की तो एसएमपीएसचा २३० व्होल्टचा पुरवठा तोडतो आणि हाताने रिसेट केल्याशिवाय परत जोडत नाही. हा रिले मॉड्यूलच्या आउटपुटवरून चालवू नये, त्याची मोजणी थेट बँकेच्या टोकांवरून घ्यावी.

जनरेटरवर बसवताना एक गोष्ट नीट न समजल्यास सगळी मेहनत फुकट जाते. या स्वस्त मॉड्यूलमध्ये करंट मोजायचा शंट निगेटिव्हच्या परतीच्या वाटेत असतो. बँकेची निगेटिव्ह इंजिनच्या बॉडीला आहे. एसएमपीएसची डीसी निगेटिव्ह कुणी त्याच्या पत्र्याला किंवा अर्थिंगला जोडली, तर करंट शंट सोडून बॉडीतून परत जातो. मॉड्यूलला वाटतं करंट वाहतच नाही, तो पूर्ण मोकळा सोडतो आणि पुढचा एसएमपीएस टिक टिक करायला लागतो. एसएमपीएसच्या पत्र्याला अर्थिंग हवंच, पण डीसी निगेटिव्ह त्यापासून सुटी हवी. बसवण्याआधी एसएमपीएसची डीसी निगेटिव्ह आणि इंजिनची बॉडी यांच्यामध्ये, मॉड्यूल न जोडता, कंटिन्युइटी तपासावी. बीप वाजायला नको.

लाईट गेल्यावर भरलेली बँक उलट मॉड्यूलमध्ये करंट ढकलते, म्हणून मॉड्यूल आणि बँक यांच्यात शॉटकी डायोड लागतो. ५ अँपियरला त्यावर ०.४ ते ०.५ व्होल्ट पडतात, दोन-अडीच वॅट, म्हणून छोटी हीटसिंक द्यावी. आता डायोडमध्ये अर्धा व्होल्ट जातो म्हणून मॉड्यूल १४.९ वर लावायचा मोह होतो. लावू नये. तो अर्धा व्होल्ट ५ अँपियर वाहताना असतो. शेवटी करंट काही मिलिअँपियरवर येतो, डायोडचा ड्रॉप अगदी थोडा उरतो, आणि बँक रात्रभरात हळूहळू १४.७ च्या वर चढते. मॉड्यूल डायोडच्या आधी १४.४ वरच लावावा. बँक १४.२ वर थांबली तरी बिघडत नाही.

सेटिंग करताना बँक जोडलेली नसावी. आधी करंटचा प्रीसेट उलटा फिरवून अगदी खाली आणावा. हे प्रीसेट बरेच फेरे घेतात, टोकाला टिक असा आवाज येईपर्यंत फिरवावं. मग मोकळ्या आउटपुटवर १४.४ लावावेत, नंतर आउटपुट शॉर्ट करून क्लॅम्प मीटरवर ५ अँपियर. दोन्ही प्रीसेटवर नेलपॉलिशचा थेंब टाकावा, जनरेटरच्या धक्क्यांनी ते सरकतात.

सप्लाय अचूक असला तरी तो फक्त सहा सेलची बेरीज बघतो. आतली वाटणी तो बघत नाही. सिरीजमध्ये सगळ्यांतून चार्ज सारखाच जातो, म्हणून ज्याची धारकता कमी त्याच्यावर व्होल्टेज जास्त. पाच सेल ५०० फॅरडचे आणि एक ४०० चा निघाला, तर १४.४ व्होल्टला पाच जणांवर २.३ आणि त्या एकावर २.८८. बेरीज बरोबर आहे, पण तो सेल मर्यादेच्या पलीकडे गेला. ४०० फॅरड म्हणजे कागदावरच्या उणे वीस टक्क्यांतच बसतो, त्यामुळे तक्रारही करता येत नाही. म्हणून सेल पुण्याहून, बेंगळूरच्या एस.पी. रोडवरून किंवा ऑनलाइन कुठूनही आणा, जोडण्याआधी प्रत्येकाची धारकता मोजा. सेल २.५ व्होल्टपर्यंत भरून ५ अँपियरच्या स्थिर करंटने १.५ पर्यंत उतरवा. ५०० फॅरडला १०० सेकंद लागतात. ८० सेकंद लागले तर ४०० फॅरड. ४० सेकंदांत उतरला तर तो सेल नकली किंवा झिजलेला आहे, परत पाठवावा. सहा सेल एकमेकांच्या पाच टक्क्यांत असावेत, म्हणून दोन जास्तीचे मागवलेले बरे.

बॅलन्स बोर्ड तरीही लागतो. २.७ झाले की तो त्या सेलचा करंट बाजूने वळवतो आणि लाल दिवा लावतो. पण त्याची ताकद अर्ध्या ते एक अँपियरची असते. ५ अँपियर येत असताना अर्धा अँपियर वळला तर उरलेले ४.५ सेलमध्ये जातातच, आणि ५०० फॅरडचा सेल सेकंदाला ९ मिलिव्होल्ट चढतो, म्हणजे मिनिटाला अर्ध्या व्होल्टच्या वर. बोर्ड आहे म्हणून सप्लायचं व्होल्टेज वाढवायचं, हे म्हणूनच करू नये. आमच्या मांडणीत सेल सरासरी २.४ वर असतात, त्यामुळे दिवा लागायलाच नको. लागला तर तो सेल कमजोर झाला असं समजून त्याची धारकता पुन्हा मोजावी. नुसते रेझिस्टन्स लावून बॅलन्स करणं उभ्या बँकेला ठीक आहे. २७० ओहम लावला तर १० मिलिअँपियर जातात, पण ५०० फॅरडबरोबर त्याचा कालांक ३७ तासांचा होतो. चार मिनिटांच्या चार्जिंगमध्ये तो काहीच करू शकत नाही.

जोडणीपूर्वी सहाही सेल पॅरललमध्ये बांधून २.४ पर्यंत भरले आणि मग सिरीजमध्ये लावले. पॅरललमध्ये ३००० फॅरड होतात, ५ अँपियरने २४ मिनिटं लागतात. एवढा वेळ देणं योग्य, कारण सगळे सेल एकाच पातळीवरून सुरू होतात. मात्र त्यानंतर जोडणी भरलेल्या सेलवर होते. अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवावं, पान्याच्या दांडीला टेप गुंडाळावा. ५ मिलिओहमची पूर्ण भरलेली बँक शॉर्ट झाली तर जवळजवळ तीन हजार अँपियर वाहतात. चार्जिंगच्या वायरचा फ्यूज सप्लायच्या बाजूला नाही तर बँकेच्या टोकाशी हवा, कारण त्या वायरला जाळण्याची ताकद बँकेत आहे. आम्ही ७.५ अँपियरचा गाडीचा ब्लेड फ्यूज लावला. पोलॅरिटी दोनदा बघावी. सेल जास्त व्होल्टेजने किंवा उलटा जोडल्याने फुगला तर आत वायू झालेला असतो आणि तो कमजोर खाचेतून बाहेर येतो. बऱ्याच सेलमध्ये अ‍ॅसिटोनायट्राइल हे ज्वालाग्राही आणि विषारी द्रावक असतं. गोडसर वास आला की सप्लाय तोडून दार उघडावं आणि बाहेर जावं.

आमच्या भागाला दोन गोष्टी विशेष लागू आहेत. फौंड्रीच्या आसपास काळ्या वाळूची धूळ सगळीकडे बसते आणि तिच्यात कोळशाची भुकटी असते. दुसरी गोष्ट पावसाची. कणकुंबी-जांबोटीकडे तर जून ते सप्टेंबर भिंतीलासुद्धा पाणी सुटतं. ही धूळ ओली झाली की बॅलन्स बोर्डवर करंटला वाट मिळते, एखादा सेल विनाकारण उतरतो आणि बाकीचे वर जातात. बोर्डला दोन्ही बाजूंनी पीसीबी लॅकर मारावं आणि बँक झाकणाच्या प्लास्टिक डब्यात ठेवावी. एसएमपीएसला हवा लागते, तो त्याच डब्यात कोंबू नये. वेल्डिंग मशीन आणि इंडक्शन फर्नेस ज्या लाइनवर आहेत तिथे एसएमपीएसच्या आधी एमसीबी आणि व्होल्टेजचे झटके शोषणारा २७५ व्होल्टचा एमओव्ही लावावा.

दुरुस्तीसाठी बँक रिकामी करताना ३ ओहम १०० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टन्स लावून अर्धा तास ठेवावा. शून्य दाखवल्यावर रेझिस्टन्स काढला की काही वेळाने व्होल्टेज थोडं परत वर येतं, आत खोलवर राहिलेला चार्ज बाहेर सरकतो म्हणून. त्यामुळे मीटरवर प्रत्येक सेल शून्याजवळ आल्याची खात्री झाली की त्याच्या टोकांना जाड वायर बांधून ठेवावी, निपाणीला किंवा कोल्हापूरला पाठवायचा सेल असेल तरीही. परत बसवल्यावर सप्लाय चालू करून पहिला मिनिटभर मीटर बघावा. ५ अँपियरला बँक मिनिटाला ३.६ व्होल्ट चढते. करंट ५ दाखवतोय आणि व्होल्टेज हलत नाही, तर आधी बँकेवर शॉर्ट शोधावा. चढतंय पण मिनिटाला तीनच्या आसपासच, तर एखाद्या सेलवर ती वायर राहिली आहे का बघावं. तसं असेल तर ताबडतोब सप्लाय बंद करावा, नाहीतर उरलेल्या पाच सेलवर १४.४ वाटले जातील, प्रत्येकी २.८८.